एका जिवाणूचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट कसा मोजायचा: बेळगावहून डबा घेऊन निघणाऱ्यांसाठी

उद्यमबागेतल्या, म्हणजे आमच्या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या, टर्नरला अ‍ॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप, म्हणजे एएफएम, समजवायला दोन मिनिटं पुरतात. डायल इंडिकेटरची टोचणी जॉबवरून फिरली की काटा हलतो. इथं टोचणीच्या जागी सिलिकॉनच्या बारीक पट्टीच्या टोकाला असलेली सुई, आणि काट्याच्या जागी त्या पट्टीच्या पाठीवरून परतणारा लेसरचा ठिपका. १९८६ साली बिनिग, क्वेट आणि गेर्बर यांनी हे यंत्र मांडलं. आता सुईला धातूचा मुलामा द्या, खाली सोन्याचा थर ठेवा आणि दोघांत व्होल्टेज लावा: सुई ही कपॅसिटरची एक प्लेट झाली. मधे एक जिवाणू आला की कपॅसिटन्स बदलतो, आणि किती बदलला त्यावरून तो जिवाणू विजेला कसा प्रतिसाद देतो ते काढता येतं.

कागदावर एवढंच. मी पदव्युत्तर विद्यार्थ्यांना घेऊन हे काम करायला लागलो तेव्हा मलाही वाटलं होतं की अवघड भाग विजेचा असेल. तो नसतो. शेवटी जो आकडा हाती येतो त्यात सुईचं टोक किती बोथट आहे, जिवाणू किती उंच आहे आणि त्यात पाणी किती उरलंय यांचाच वाटा मोठा असतो. पुढं दिलेल्या पायऱ्यांमध्ये विजेपेक्षा मोजपट्टीचंच काम जास्त दिसेल, ते त्यामुळं.

आधी प्रश्न ठरवा

‘पेशीचे विद्युत गुणधर्म’ या एका शब्दाखाली तीन वेगळी कामं येतात. पेशीच्या पडद्यातून वाहणारे आयन मोजायचे असतील तर ते पॅच क्लॅम्पचं काम. नेहर आणि साकमान यांनी १९७६ साली दाखवलेली ही पद्धत, १९९१ चं नोबेल त्यांना तिच्यासाठीच मिळालं. पृष्ठभागावरचं विभव हवं असेल तर केल्विन प्रोब फोर्स मायक्रोस्कोपी. पेशी किती ध्रुवित होते हे हवं असेल, म्हणजे डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट, तर इलेक्ट्रोस्टॅटिक फोर्स मायक्रोस्कोपी, ईएफएम. हा लेख तिसऱ्याचा आहे.

दुसऱ्याबद्दल एक इशारा देऊन ठेवतो, कारण सेमिनारात दरवर्षी कुणीतरी ही चूक करतंच. चेतापेशीच्या पडद्यावर उणे ७० मिलिव्होल्टच्या आसपास विभव असतं हे सगळ्यांनी बारावीत वाचलेलं असतं. मग वाळवलेल्या जिवाणूवर केल्विन प्रोबनं काही मिलिव्होल्ट आले की लगेच ‘मेम्ब्रेन पोटेन्शियल मोजलं’ असं लिहून मोकळे. ते विभव जिवंत पेशीचं, पंपांनी राखलेलं. पेशी वाळली तेव्हाच ते गेलं. वाळल्यावर जे दिसतं ते पृष्ठभागावरचे भार आणि सुई नि नमुना यांच्या कार्यफलनातला (वर्क फंक्शन, म्हणजे पदार्थातून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी ऊर्जा) फरक.

आणि एक जुनी गोष्ट. ह्यूगो फ्रिके यांनी १९२५ साली लाल रक्तपेशींच्या द्रावणातून वीज जाऊ देऊन पडद्याचा कपॅसिटन्स काढला: दर चौरस सेंटिमीटरला ०.८१ मायक्रोफॅरड. पडद्याचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट ३ धरला आणि जाडी आली ३.३ नॅनोमीटर. पडद्याची जाडी दाखवील असा मायक्रोस्कोप तेव्हा नव्हता, तरी मापाचा क्रम बरोबर आला. फ्रिके यांनी कॉन्स्टंट धरून जाडी काढली; आपण जाडी मोजून कॉन्स्टंट काढणार. जाडी चुकली की कॉन्स्टंट चुकलाच.

चकती आणि अर्थिंग

एएफएममध्ये नमुना १२ किंवा १५ मिलिमीटरच्या पोलादी चकतीवर चिकटवतात आणि चकती चुंबकावर बसते. पहिल्या वेळी मी उद्यमबागेतल्या ओळखीच्या लेथवाल्या मामांकडून वीस चकत्या कापून घेतल्या. अशा चकचकीत, की त्यात तोंड बघावं. चुंबकावर ठेवल्या, एकही धरेना. परत गेलो तर मामा म्हणाले, “मास्तर, तुमी स्टेनलेस पायजे म्हटलासा. चुंबकाचं कुठं बोल्लासा?” बरोबरच होतं. ३०४ ग्रेडचं स्टेनलेस चुंबकाला चिकटत नाही, ४३० चिकटतं. तेव्हा ४३० सांगा, आणि दोन्ही बाजूंची बर, म्हणजे कापताना कडेला राहिलेली धातूची टोकं, काढून द्यायला सांगा. बर राहिली तर चकती तिरपी बसते.

चकतीवर काचेचा तुकडा, काचेवर सोनं. काचेला सोनं नीट धरत नाही म्हणून आधी क्रोमियमचा ५ नॅनोमीटर थर, त्यावर ५० नॅनोमीटर सोनं. कोटिंगची सोय नसेल तर आयटीओ (इंडियम-टिन ऑक्साइड, वीज नेणारा पारदर्शक थर) लावलेली काच तयार मिळते, तीही चालते, फक्त सोन्यापेक्षा थोडी खडबडीत.

इथं जे विसरतं ते असं. सोनं काचेच्या वर, चकती काचेच्या खाली, आणि काच वीज नेत नाही. म्हणजे सोन्याला अर्थिंग नाहीच. सोन्याच्या कडेपासून चकतीपर्यंत सिल्व्हर पेस्टचा ओघळ काढावा लागतो. एकदा दुपारी तीनपर्यंत आमचा सिग्नल नुसता सरकत होता. मी सॉफ्टवेअरमधे डोकं घालून बसलो होतो, आणि एम.एस्सी.ची एक मुलगी मल्टिमीटर घेऊन आली, दोन टोकं टेकवली आणि म्हणाली, “सर, अर्थिंगच नाही की.” तेव्हापासून नियम: पेस्ट वाळल्यावर सोनं ते चकती रोध बघायचा, काही ओहम आला तरच चकती डब्यात. हे घरी करायचं, यंत्रासमोर नाही.

जिवाणू

ई. कोलायचा के-१२ हा निरुपद्रवी प्रकार सोयीचा. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या एनसीआयएम संग्रहातून किंवा चंदिगडच्या एमटीसीसीमधून ओळख पटलेलं कल्चर मागवता येतं. आमच्या एका विद्यार्थ्यानं आईच्या हातचं दही आणलं होतं: त्यात लॅक्टोबॅसिलस फुकट आहेत, मागवायचे कशाला? प्रयत्न केला. तीनदा धुऊनही दुधातली प्रथिनं आणि स्निग्धाचे गोळे जाईनात, आणि एएफएमच्या चित्रात जे दिसलं त्याला पिठलं सोडून दुसरा शब्द नाही. शिवाय दह्यातला नेमका कुठला जिवाणू सुईखाली आहे ते कुणी सांगावं? दही जेवणात बरं.

कल्चर ३७ अंशावर एलबी या नेहमीच्या पोषक माध्यमात वाढवायचं आणि वाढीच्या मधल्या टप्प्यावर, ६०० नॅनोमीटरला ऑप्टिकल डेन्सिटी ०.४ ते ०.६ असताना काढायचं. रात्रभर विसरलेलं कल्चर घेतलं तर पेशी लहान आणि असमान निघतात. मग सेंट्रिफ्यूज, वरचं पाणी टाकून डीआयोनाइज्ड पाण्यात पुन्हा हलवायचं, असं तीनदा. या धुण्यात आळस नको. एलबीमध्ये लिटरला १० ग्रॅमपर्यंत मीठ असतं आणि ते राहिलं तर वाळताना प्रत्येक जिवाणूभोवती स्फटिकांची कड तयार होते. ईएफएममध्ये ती कड जिवाणूपेक्षा ठळक दिसते. पण धुतल्यावर पेशी साध्या पाण्यात तासन्‌तास ठेवूही नका, लगेच थेंब टाका.

थेंब २० मायक्रोलिटरचा, तोही बराच पातळ केलेला. आपल्याला गर्दी नको. एका जिवाणूच्या चहूबाजूंना दहा-वीस मायक्रोमीटर मोकळं सोनं हवं, कारण पुढं त्याच सोन्यावर सुईचं माप घ्यायचंय. लॅमिनार हुडमध्ये वाळवा. ग्लुटारल्डिहाइड घालू का, असं दर वेळी कुणीतरी विचारतं. त्यानं आकार टिकतो खरा, पण प्रथिनं एकमेकांत जखडली जातात, आणि आपण मोजतोय ते त्याच पदार्थाचं. कोरड्या मापनासाठी मी वापरत नाही. उरलेलं कल्चर १२१ अंशावर १५ मिनिटं ऑटोक्लेव्ह करूनच ओता, के-१२ असला तरी.

यंत्राची वेळ आणि प्रवास

बेळगावहून धारवाड पाऊणशे-ऐंशी किलोमीटर, कोल्हापूर एकशेदहाच्या आसपास, बंगळूर पाचशे. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात सैफ केंद्रं, म्हणजे बाहेरच्यांनाही मोठी उपकरणं वापरता येतात अशा सोयी, आहेत, बंगळूरला आयआयएस्सीचं नॅनो केंद्र आहे. आय-स्टेम पोर्टलवर देशभरातली उपकरणं शोधून वेळ मागता येते. पण यादीत ‘एएफएम’ लिहिलंय एवढ्यावर निघू नका. फोन करून चार गोष्टी विचारा: विद्युतवाहक सुईचा होल्डर आहे का, व्होल्टेजच्या दुप्पट वारंवारितेवरचा सिग्नल वेगळा काढणारा लॉक-इन आहे का, नमुन्याभोवती कोरडा नायट्रोजन सोडता येईल अशी बंद पेटी आहे का, आणि जैविक नमुना चालतो का. तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असं आलं आणि महिना जुलैचा असला, तर मी तारीख पुढं ढकलतो.

कारण आपल्याकडचा पाऊस. खानापूर-जांबोटीकडून ढग आले की चार महिने कपडे वाळत नाहीत, तिथं जिवाणू काय वाळणार? अथणी-रायबागकडच्या मंडळींना हे सांगून पटत नाही, त्यांच्याकडं हवा कोरडी. चकत्या हवाबंद डब्यात, तळाला सिलिका जेल. एका पावसाळ्यात मी जेल ओव्हनमध्ये न तापवता मागच्या वेळचंच टाकलं. निळे दाणे निघतानाच फिकट होते, त्यात सीमेवर काहीतरी झालं म्हणून बस बंद, निपाणीत पाच तास. डबा उघडला तेव्हा दाणे गुलाबी. त्या दिवसाचे आकडे नेहमीच्या दुपटीच्या पुढं गेले आणि मी अर्धा तास खूशही होतो.

यंत्रावर: क्रम महत्त्वाचा

सुई प्लॅटिनम-इरिडियमच्या मुलाम्याची घ्या. ईएफएमसाठी सहसा मिळते ती दर मीटरला २.८ न्यूटनच्या आसपास ताठर, अनुनाद ७५ किलोहर्ट्झजवळ. पट्टीचा ताठरपणा थर्मल पद्धतीनं काढा, म्हणजे उष्णतेनं ती आपोआप जी थरथरते त्यावरून. लेसरच्या ठिपक्याची संवेदनशीलता काढायला सुई कठीण पृष्ठभागावर दाबायची सवय सगळ्यांना असते. ती सवय इथं मोडा. धातूचा मुलामा एका दाबात बोथट होतो. दाबायचंच असेल तर सगळं मापन झाल्यावर, शेवटी.

मग टॅपिंग मोडमध्ये, म्हणजे सुई घासत न नेता टिचक्या मारत, हलक्या हातानं, जिवाणू शोधा. कॉन्टॅक्ट मोडमध्ये, म्हणजे टेकवून फिरवली तर, सुई त्याला झाडूसारखी ढकलून नेते. वाळलेला ई. कोलाय चपटा होतो. लांबी दोनेक मायक्रोमीटर, उंची काहीशे नॅनोमीटर. उंचीचा छेद नीट जतन करा आणि सोन्याची पातळी दोन्ही बाजूंना एक आहे ना बघा. चित्रं सरळ करायला ग्विडियन हे फुकटचं सॉफ्टवेअर पुरतं. घरी टिळकवाडीत बसून रात्री लॅपटॉपवर करता येतं, यंत्राचा वेळ त्यात घालवू नका. मात्र सरळ करताना जिवाणूवर मास्क टाका, म्हणजे तेवढा भाग हिशेबातून वगळा, नाहीतर सॉफ्टवेअर त्याचीच उंची कापून घेतं.

आता वीज. सुईला ५ व्होल्टचा, एक-दोन किलोहर्ट्झचा एसी द्या. सुई आणि सोनं यांच्यातलं बल व्होल्टेजच्या वर्गावर चालतं, म्हणून बलाचा एक भाग दुप्पट वारंवारितेला येतो. आपल्याला तोच हवा, कारण पृष्ठभागावरच्या स्थिर भारांचा गोंधळ पहिल्या वारंवारितेत राहतो, दुप्पटीत शिरत नाही. त्या भागाची किंमत: एक चतुर्थांश, गुणिले अंतरागणिक कपॅसिटन्सचा उतार, गुणिले एसी व्होल्टेजचा वर्ग.

जिवाणूपासून चार-पाच मायक्रोमीटर दूर, मोकळ्या सोन्यावर, सुई वरून हळूहळू खाली आणत सिग्नल नोंदवा, पण टेकू देऊ नका. या वक्रावरून टोकाची त्रिज्या आणि शंकूचा कोन निघतात. मग तसाच वक्र जिवाणूच्या माथ्यावर. मग परत सोन्यावर, पहिल्याच जागी. पहिल्या आणि तिसऱ्या वक्राची त्रिज्या जुळली नाही, तर मधलं मापन टाकून द्या. मुलांना हे जिवावर येतं, पण दुसरा उपाय नाही.

आख्खं चित्र हवं असेल तर ‘लिफ्ट मोड’ टाळा, निदान पहिल्यांदा. त्यात सुई पृष्ठभागाच्या चढउतारासोबत वरखाली होते. जिवाणूवर चढली की खालच्या सोन्यापासून लांब जाते, आणि नुसत्या लांब जाण्यानं सिग्नल कमी होतो. चित्रात जिवाणू काळा दिसतो, आपण त्याला विद्युत गुणधर्म समजतो. त्यापेक्षा जिवाणूच्या माथ्याच्या थोडं वर, सोन्याला समांतर, एकाच उंचीवरून सुई फिरवा. आता सुई-सोनं अंतर सगळीकडं सारखं, आणि जिवाणूवर सिग्नल वाढला तर तो जिवाणूमुळंच.

आकडा कसा फसवतो

हे एकदा हातानं करून बघा. सुईचं टोक ३० नॅनोमीटर त्रिज्येचं, शंकूचा अर्धकोन १५ अंश, सोन्यापासून ५० नॅनोमीटर वर. गोल टोकाच्या नेहमीच्या सूत्रानं कपॅसिटन्सचा उतार येतो दर नॅनोमीटरला सुमारे १० झेप्टोफॅरड. झेप्टो म्हणजे दशांशचिन्हानंतर वीस शून्यं आणि मग एक. ५ व्होल्टला बल सुमारे ६४ पिकोन्यूटन, आणि २.८ न्यूटनची पट्टी त्यानं वाकते नॅनोमीटरच्या पन्नासाव्या हिश्श्याच्या आसपास. लॉक-इन हे पकडतो.

आता मधे ३०० नॅनोमीटर उंच, डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट ४ असलेला जिवाणू ठेवा. अंदाजापुरतं असं धरता येतं की सुईला दिसणारं अंतर म्हणजे हवेची फट अधिक उंची भागिले कॉन्स्टंट: ५० अधिक ७५, म्हणजे १२५. उतार येतो २ झेप्टोफॅरड. कॉन्स्टंट ४ चा ५ केला तर २.५. आणि कॉन्स्टंट ४ च ठेवून टोक ३० ऐवजी ४० नॅनोमीटरचं असेल तर? ३.४. म्हणजे सुई दहा नॅनोमीटर बोथट झाली आणि ते तुम्हाला कळलं नाही, तर ४ चा जिवाणू तुमच्या वहीत जवळजवळ ७ चा होतो. दोन सुया, दोन विद्यार्थी, दोन ‘शोध’.

हे सूत्र पातळ सपाट थरासाठी आहे. जिवाणू लांबट आणि घुमटासारखा, म्हणून खऱ्या कामाला कॉम्सॉलसारख्या प्रणालीत सुई आणि जिवाणूचा मोजलेला आकार घालून सोडवावं लागतं. ती सोय नसेल तर सूत्रावरचा आकडा ‘अंदाज’ म्हणून लिहा, प्रबंधात ‘मूल्य’ म्हणून नको. लिहिताना दोन्ही त्रिज्या, उंची, वारंवारिता, व्होल्टेज, आर्द्रता आणि किती जिवाणू मोजले हे शेजारीच द्या.

कोरड्या जिवाणूंसाठी प्रसिद्ध झालेली मापनं साधारण ३ ते ५ मध्ये आहेत. बार्सिलोनात गॅब्रिएल गोमिला यांच्या गटानं या पद्धतीवर बरंच काम केलंय. तुमचा आकडा १० आला तर आधी पाण्याकडं बघा. खोलीच्या तापमानाला पाण्याचा कॉन्स्टंट ८० च्या जवळ, वाळक्या प्रथिन-स्निग्धांचा तीन-चार. ओल थोडी जरी शिरली तरी ऐंशीचा हा पाहुणा सरासरी उचलून धरतो. नायट्रोजन सोडून पेटीतली आर्द्रता ५ टक्क्यांखाली आणा, तासभर तशीच ठेवा, मग पुन्हा तोच वक्र घ्या. आकडा खाली सरकतोय तोवर वाळणं संपलेलं नाही. याच खटाटोपाचा उलटा उपयोगही आहे: आर्द्रता टप्प्याटप्प्यानं वाढवत एकाच जिवाणूवर मोजत गेलं तर तो पाणी कसा पितो ते दिसतं. निपाणीच्या त्या पाच तासांत माझ्या हातून हाच प्रयोग झाला, फक्त नोंद न करता.

जिवंत पेशी, द्रावणात

इथं कोरड्याची पद्धत जशीच्या तशी चालत नाही. खारट पाण्यातले आयन सुईचं क्षेत्र झाकून टाकतात. शरीरातल्याइतक्या खारट द्रावणात हे झाकण ०.८ नॅनोमीटरवर बसतं, १ मिलिमोलर मिठात साडेनऊच्या आसपास. आयनांना धावायला वेळच मिळू नये इतक्या जलद वारंवारितेला मोजलं तर क्षेत्र आत पोचतं: १ मिलिमोलरला ही हद्द ३ मेगाहर्ट्झच्या घरात, शारीरिक द्रावणाला तीनशेच्या घरात. किलोहर्ट्झच्या लॉक-इनला ते ऐकू येत नाही, म्हणून वरच्या वारंवारितेचा एसी हळू लयीत कमी-जास्त करतात आणि पट्टीचं वाकणं त्या हळू लयीत वाचतात. चौकशी करताना यंत्राच्या फंक्शन जनरेटरची वरची मर्यादा विचारून घ्या, आणि द्रव-पेटीत सुईपर्यंत व्होल्टेज नेणारी तार इन्सुलेट केलेली आहे का तेही. तार उघडी असली तर पट्टीभोवती बुडबुडे येतात, आणि पहिल्या बुडबुड्याला सुई गेली समजा.